निर्यात देशाची, डोंगर कुणाचा?



धान कापणीचे दिवस आहेत. वाचायला कुणाला वेळ नाही, लिहायलाही नाही. स्टेन्सिल कापणारी पोरं बांधीत विळा घेऊन उभी आहेत, म्हणून हा अंक उशिरा निघून राहिला. तरी हा विषय पुढच्या अंकावर ढकलता येत नाही. पावसाळ्याच्या आधीपासून आपल्या पट्टीत जो कोणी साहेब येतो तो एकच गोष्ट सांगून जातो. लोहखनिज ही देशाची निर्यातीतली ताकद आहे. चीनला ते पाहिजे, आपल्याकडे ते आहे. जुन्या श्रीमंत देशांचे दिवस गेले, आता उगवत्या देशांनी एकमेकांशी व्यापार करायचा. तुमचा डोंगर त्यात आला तर देश मोठा होईल नि तुमच्या पोरांना कामही मिळेल.

गोटुलात बसून यावर बोलणं झालं. आधी निर्यात म्हणजे काय तेच सगळ्यांना सांगावं लागलं. आमच्यातल्या ज्यांनी बारावी केली त्यांनी पुस्तकातलं सांगितलं, की देशातला माल परदेशात विकणं म्हणजे निर्यात. एका म्हाताऱ्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळला नि विचारलं, "आपण टोरी इकतो, हिरडा इकतो. पुढच्या साली झाडाले परत लागते. हा डोंगर इकला त पुढच्या साली काय इकनार गा?"

बारावीवाले गप्प बसले. पुस्तकात हा प्रश्न नव्हता. तेव्हापासून आम्ही जमेल तिथून माहिती गोळा करून राहिलो. जुने पेपर वाचले, नागपूरच्या मित्रांकडून सरकारी आकडे मागवले, आमच्यातले चौघे उन्हाळ्यात गोव्याला एका शिबिरालाही जाऊन आले. जे समजलं ते इथं मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आम्ही तोंड उघडलं की लगेच "हे विकासाच्या विरोधात, हे व्यापाराच्या विरोधात" असा शिक्का बसतो. (दुसराही एक शिक्का आहे, तो कोणता हे या जिल्ह्यात सांगायची गरज नाही.) आम्ही व्यापाराच्या विरोधात नाही. आपला व्यापार जुना आहे. मीठ नि कापड बाहेरून यायचं, मोह, लाख, मध इथून जायचा. आज आपल्या बाया उन्हात तोडतात तो तेंदूपत्ता बिडीच्या कारखान्यात जातो, नि देशातला बिडीपत्ता श्रीलंकेतही जातो. फळीवर ७० पानांचा पुडा मोजताना मुन्शी शेकड्यामागे किती पुडे "खराब" म्हणून बाजूला काढतो यावर आपलं भांडण आहे. पत्ता विकण्यावर नाही. पुढच्या वैशाखात झुडपाला पुन्हा पानं येतात.

देशाची म्हणाल तर खरी ताकद आम्हालाही दिसते. एक उदाहरण वाचून तर आम्हाला बरं वाटलं. एड्सवरच्या औषधाचा एका माणसाचा वर्षाचा खर्च विलायती कंपन्यांच्या भावानं दहा हजार डॉलरच्या वर जायचा. आफ्रिकेतले गरीब लोक ते घेऊच शकत नव्हते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तेच औषध तिथं काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. त्यानंतर भाव पडत गेले नि भारतातल्या गोळ्या आफ्रिकाभर पोचल्या. एका गरीब देशानं दुसऱ्या गरीब देशांशी केलेला हा व्यापार. त्या गोळीत काय विकलं गेलं? औषध करणाऱ्यांचं डोकं नि कामगारांचं कसब. गोळी जहाजात बसून गेली तरी डोकं नि कसब इथंच राहिलं, दुसऱ्या दिवशी परत गोळी करता आली. कापड, तांदूळ, कॉम्प्युटरचं काम यांचंही थोडंफार तसंच. त्यातही शोषण आहे, गिरणीतल्या मजुराला विचारा. पण विकायचा माल पुन्हा तयार होतो.

आता लोखंडाच्या दगडाकडे या.

चीन २००० साली वर्षाला तेरा कोटी टनांच्या आसपास पोलाद करत होता. २००८ साली तो पन्नास कोटी टनांवर गेला. सगळा भारत मिळून तेव्हा सहा कोटी टनही करत नव्हता. एक टन पोलादाला दीड टनाच्या वर लोहखनिज लागतं. चीनकडे स्वतःचं आहे, पण हलकं आहे नि पुरत नाही. म्हणून त्यानं ऑस्ट्रेलिया, ब्राझील नि भारत यांच्याकडून घ्यायला सुरुवात केली. भारताचा त्यात तेव्हा तिसरा नंबर होता. २००८ च्या सुमारास आपल्या देशात वर्षाला जेवढं लोहखनिज खणलं जायचं, त्यातलं जवळजवळ निम्मं, म्हणजे दहा कोटी टनांच्या आसपास, बाहेर जायचं नि त्यातलं बहुतेक चीनला जायचं. गोव्यातून जायचं, कर्नाटकातल्या बेल्लारी-होस्पेटमधून जायचं, ओरिसातल्या केओंझरमधून जायचं. आपल्याच राज्यात सिंधुदुर्गातल्या रेडी बंदरातून जायचं. दोन्ही देशांचा मिळून व्यापार २००० साली ३ अब्ज डॉलरच्या घरात होता, २००८ साली ५० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. पेपरात याचं फार कौतुक छापून येत होते. २००९ च्या जूनमध्ये रशियात ब्राझील, रशिया, भारत, चीन या चार देशांच्या पुढाऱ्यांची पहिली बैठक झाली, तेव्हाही आले होते.

पण भारत तेव्हा चीनला जे विकत होता त्यात निम्म्याच्या आसपास एकटा हा दगड होता. नि चीनकडून काय येतं? वीज कारखान्यांची यंत्रं येतात, टेलिफोनची यंत्रं येतात. एटापल्लीच्या बाजारात जाऊन बघा: बॅटरी चिनी, छत्री चिनी, पोरांची खेळणी चिनी, देवीपुढची झगमग माळही चिनी. इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरला जायचा नि तिथलं कापड इथं विकायला यायचं. शाळेत आम्ही हे "शोषण" म्हणून पाठ केलं, त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं. आता कच्चा दगड जातो नि पक्का माल येतो, तर त्याला "ताकद" म्हणायचं. मार्क कोण देणार कोण जाणे.

यात चिनी माणसांचा दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. ज्याला गरज आहे तो विकत घेणार. आपल्या आधी जपान घेत होता. प्रश्न विकणाऱ्याचा आहे.

भावाचा हिशेब सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. २००८ च्या सुरुवातीला चीनच्या बंदरात चांगल्या लोहखनिजाला टनाला दीडशे डॉलरच्या वर भाव होता. जहाजाचं भाडं त्यात आलं. डॉलर तेव्हा चाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे टनाला सहा हजार रुपयांच्या वर. नि ज्या राज्यातून हा दगड निघाला त्या राज्य सरकारला रॉयल्टी किती? चांगल्यातल्या चांगल्या ढेकळाला टनाला २७ रुपये, भुकटीला त्याहून कमी. दहा टनांचा ट्रक धरला तर तिकडे साठ हजार नि सरकारी तिजोरीत जास्तीत जास्त दोनशे सत्तर. खणायचा, वाहतुकीचा, जहाजाचा खर्च वजा करा, तरी मधे किती उरतं ते तुम्हीच बोटांवर मोजा. हा दर ऑगस्ट २००९ पर्यंत चालू होता. मग तो किमतीच्या दहा टक्के केला, म्हणजे आधीचं चुकीचं होतं हे सरकारनंच मान्य केलं. पण त्याआधीच्या वर्षांत जो दगड गेला तो त्या दरानं गेला. नि ही रॉयल्टी मिळते राज्याला. ज्या गावाच्या डोक्यावरचा डोंगर जायचा त्या गावाच्या नावानं त्यात तेव्हा एक रुपयाही लिहिलेला नसायचा.

आता गोव्याचं. आम्ही गेलो होतो ते सांगे तालुक्यात. गोवा म्हणजे समुद्र नि बाटली, असं आमच्या डोक्यात होतं. तिथं तर आमच्यासारखेच लोक निघाले: वेळीप, गावडा. त्यांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळाली ती २००३ साली. देवाची राई आहे, डोंगरावर पूर्वी फिरती शेती करत, खाली भाताची शेतं आहेत. कोकणी आम्हाला अर्धी कळायची, आमची भाषा त्यांना त्याहून कमी, पण डोंगराच्या गोष्टी कळायला वेळ लागला नाही.

रस्ता लाल, झाडांची पानं लाल, घरांची कौलं मुळात लाल तरी त्यावर आणखी लाल थर. ट्रकमागून ट्रक. शाळेतून घरी जाणारी पोरं रस्त्याच्या कडेला भिंतीला चिकटून उभी राहतात, ट्रकांची रांग संपली की पुढं चालतात. हा दगड तेव्हा नदीकाठच्या धक्क्यावर जायचा, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी नि जुवारी नदीतून मुरगाव बंदराकडे, नि मोठ्या जहाजातून चीनला. गोव्यातून तेव्हा वर्षाला तीन कोटी टनांच्या वर असा जायचा. गोव्याचा दगड हलक्या प्रतीचा. आपल्या देशातले पोलाद कारखाने त्याला विचारत नव्हते. चीनला चढा भाव असताना तो हलका दगडही चालला. आधी जी माती फेकून दिली होती तिचे ढीगसुद्धा उकरून विकले, असं लोक सांगत होते.

नि एक टन दगड काढायला अडीच-तीन टन माती-मुरूम बाजूला टाकावा लागतो. तो ढीग कुठं राहतो? तिथंच. चीनला फक्त लोखंडाचा दगड जातो, ढीग जात नाही. पावसात तो वाहून ओढ्यात येतो, ओढ्यातून शेतात. आम्हाला एका मावशीनं तिची बांधी दाखवली. त्या बांधीला ते वेगळं नाव घेतात, पण बांधीच ती. वरचा थर उन्हात वाळून मडक्याच्या खापरीसारखा झाला होता. पायानं दाबला तर मोडत नव्हता. मावशीला वर्षाला थोडी भरपाई मिळायची. ती म्हणाली, पहिली दोन वर्षं बरं वाटलं, न राबता पैसे आले. मग बैल विकले. मग बी संपलं. विहिरीचं पाणी खाली गेलं, कारण खाण पाण्याच्या पातळीच्याही खाली उतरली होती नि पंप लावून पाणी उपसून टाकत होते. आता पुन्हा शेती करायची म्हटली तर कशानं करणार?

तिच्या मुलानं बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला होता. गावातल्या बऱ्याच पोरांनी घेतले होते. हे आपल्या पोरांनी नीट वाचावं. २००८ च्या मध्यापर्यंत भाव चढत होते तोवर खेपांवर खेपा. मग अमेरिकेत बँका बुडाल्या, चीनचा माल घेणारं गिऱ्हाईक आटलं, चीननं पोलाद कमी केलं, नि दोन-तीन महिन्यांत लोहखनिजाचा भाव निम्म्याच्याही खाली आला. ट्रक दारात उभे राहिले, बँकेचा हप्ता उभा राहिला नाही. त्या पोरानं काही चूक केली नव्हती. तो रोज चार वाजता उठत होता. अमेरिकेतली बँक नि चीनमधली भट्टी यांच्यावर सांगे तालुक्यातल्या एका पोराचं जेवण अवलंबून होतं नि त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा सरकारनं काय केलं? निर्यातीवर जो कर बसवला होता तो भराभर खाली आणला, भुकटीवरचा तर काढूनच टाकला, म्हणजे माल जात राहावा. चीननं मग आपल्या देशात रस्ते, रेल्वे बांधायला प्रचंड पैसा ओतला नि २००९ मध्ये परत खरेदी वाढली. ट्रक परत चालू लागले. म्हणूनच साहेबलोकही परत आपल्याकडे येऊन राहिले. आमच्या पट्टीत जीप कधी येते ते आता चीनच्या भावावरून ओळखता येईल.

गोवा लांब वाटत असेल तर इंद्रावतीच्या पलीकडे बघा. तिकडे आपले सोयरे आहेत, लेकी दिल्या आहेत. बैलाडिला म्हणजे बैलाच्या वशिंडासारखा डोंगर. १९६० साली जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी तिथलं लोखंड द्यायचा करार झाला, १९६८ पासून खणणं सुरू झालं. त्या दगडासाठी किरंदुलपासून विशाखापट्टणमच्या बाजूला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास रेल्वे टाकली. घाट फोडले, बोगदे पाडले. करायचं ठरलं की होतं, बघा. आपल्या जिल्ह्याला रेल्वे आहे ती एका वडसा स्टेशनापुरती. आजारी माणसाला खाटेवर घालून आणताना रस्ता नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं अर्ज देतो. दगडाला अर्ज द्यावा लागला नाही.

त्या खाणीला २००८ साली चाळीस वर्षं झाली. म्हणजे निर्यातीनं आदिवासीचं भलं होतं का, हे बघायला चाळीस वर्षांचा पुरावा शेजारीच पडलेला आहे. दंतेवाडा जिल्हा श्रीमंत झाला काय? शंखिनी नि डंकिनी नद्यांचं पाणी लाल झालं, हे तिकडे जाणारा कोणीही सांगेल. सुरुवातीला हातानं दगड फोडायला हजारो मजूर लागले. मग यंत्रं आली नि मजुरांची गरज संपली. १९७८ साली किरंदुलला कंत्राटी मजुरांच्या कपातीवरून आंदोलन पेटलं नि पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर यंत्रं वाढतच गेली.

हे आम्ही सभेत सांगितलं तेव्हा आमच्यातलाच एक पोरगा उठला. तो बारावी झाला, पोलीस भरतीला दोनदा धावला, पुण्याकडे एका सोसायटीत वॉचमन होता, तिथून परत आला. म्हणाला, "दगड चीनले जाओ का जपानले जाओ, मले काय करायचं? मले घराजवळ नोकरी पाहिजे. तुमी देता का?"

त्याच्यावर चिडून चालणार नाही. आम्ही चिडलो नाही. त्याचा प्रश्न खरा आहे नि आमच्याजवळ नोकरी नाही. पण त्याला आम्ही हे विचारलं, की यंत्राची खाण चालवायला किती माणसं लागतात, ती कुठून येतात, आयटीआय झालेली का बारावी आर्ट्स? गोव्यात ट्रक होते, ते कर्जावरचे होते. बैलाडिलात कायम नोकऱ्या होत्या, त्या कुणाला लागल्या नि खाणीखालच्या गावातल्या किती जणांना लागल्या, हे तो स्वतः जाऊन त्याच्या मामेभावाला विचारून येणार आहे. मामेभाऊ तिकडचाच. तो जे सांगेल ते, आमच्या म्हणण्याच्या उलट असलं तरी, याच पत्रकात छापू.

काही शिकलेले लोक आम्हाला दुसरं सांगतात. ते म्हणतात, कच्चा दगड बाहेर पाठवणं मूर्खपणा आहे, इथंच पोलाद कारखाना टाका, मग फायदा इथं राहील. दिल्लीत हे भांडण मोठं आहे. पोलाद कारखानदार म्हणतात निर्यात अडवा, कर लावा, दगड आम्हाला स्वस्त द्या. खाणवाले म्हणतात कर काढा, चीन जास्त भाव देतो. २००७ च्या बजेटमध्ये टनाला ३०० रुपये निर्यात कर लावला तेव्हा खाणवाल्यांनी ओरड केली, मग हलक्या भुकटीवर तो कमी झाला. पुढं दर खालीवर होत राहिला. हे सगळं आम्ही पेपरात वाचतो. पोलादवाल्यांचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, देशप्रेमाचं वाटतं. पण ओरिसात कलिंगनगरला कारखानाच होणार होता, निर्यात नव्हे. २ जानेवारी २००६ ला तिथं जमिनीवर भिंत घालायला पोलीस आले नि गोळीबारात डझनाच्या वर आदिवासी मेले. मेलेल्यांच्या दृष्टीनं दगड चीनला जाणार होता का गावातच वितळणार होता, यानं काय फरक पडला?

या दोघांच्या भांडणात डोंगर मधे ठेवलेला आहे, वाटणी कशी करायची यावर वाद आहे. डोंगर त्यांचा आहे, एवढं दोघांनीही धरून टाकलं आहे. निर्यातीच्या आकड्यांत आम्हाला खटकतं ते हेच. टन मोजले, डॉलर मोजले, जहाजं मोजली. पण विकणारा कोण, हा रकाना रिकामा. बाजारात आपण कुणाची बकरी विकायला नेली तर पहिला प्रश्न येतो, बकरी कुणाची? इथं डोंगराला तो प्रश्न नाही.

सूरजागडच्या डोंगरावर २००७ साली एका खासगी कंपनीला ३४८ हेक्टरची लीज मंजूर झाली. २००९ पर्यंत तरी खणणं सुरू झालेलं नव्हतं. त्या डोंगरावर ठाकूरदेव बसतो. जानेवारीत सगळा इलाखा तिथं जमतो. तिथून ओढे निघतात, तिथं बांबू आहे, मोह आहे, औषधं आहेत, आपली गुरं तिथं चरतात. लोखंडही आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. इकडचे लोहार मातीच्या भट्टीत, भाता मारून, दगडातून लोखंड काढायचे, विळे, कुऱ्हाडी, बाणाची टोकं करायचे, हे म्हातारे अजून सांगतात. डोंगर तेवढ्यानं संपला नाही.

आता कायद्याचं, कारण हे लिहिण्याचं कारणच ते आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू. फॉर्म 'अ' एकट्याच्या शेतासाठी, तो आपण बऱ्याच जणांनी भरला. त्यात आपण रमलो, पट्टा माझ्या नावावर कधी येतो हेच बघत बसलो. फॉर्म 'ब' सामूहिक हक्कासाठी, म्हणजे चराईसाठी, पाण्यासाठी, बांबू-मोहासाठी, नि २०१२ पर्यंत सगळ्या गावाच्या जंगलासाठीही. तो २००९ पर्यंत आपल्या पट्टीत फार थोड्या गावांनी भरला होता. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) नि मर्दा या गावांनी तो नीट भरला, पाठपुरावा केला, नि २००९ साली त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. मेंढाचं क्षेत्र अठराशे हेक्टरच्या आसपास आहे. ते काही वेगळे लोक नाहीत, आपल्यासारखेच आहेत, फक्त त्यांनी सभा सोडली नाही.

नि ३० जुलै २००९ ला दिल्लीच्या पर्यावरण नि वन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. जंगलाची जमीन खाणीला किंवा दुसऱ्या कामाला द्यायची असेल तर तिथली वनहक्काची प्रक्रिया पूर्ण झाली, याचा पुरावा नि ग्रामसभांचे संमतीचे ठराव प्रस्तावाला जोडले पाहिजेत, असं त्यात लिहिलं होतं. याचा अर्थ नीट समजून घ्या. साहेब येतो, चहा पितो, "सगळ्यांची संमती आहे ना?" असं हसत विचारतो नि एका वहीवर सह्या मागतो, ती वही पुढं ठराव म्हणून लागू शकते. हजेरीची सही म्हणून केलेली सही संमतीची होऊ शकते. वर काय लिहिलं आहे ते शाळेतल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका. कोरा कागद असेल तर तोच कागद जपून ठेवा नि आमच्याकडे आणा.

सामूहिक दाव्याला पुरावा काय, असं विचारलं जातं. नियमांत आहे: म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून काढलं तर तो पुरावा आहे. देवाची जागा, मसणवट, आपण पुरलेले उभे दगड, जुनी विहीर हाही पुरावा आहे. आपल्याकडे कागद नाहीत म्हणून आपण लाजतो. दगड आहेत की, ते पुरे आहेत.

दाव्याच्या ग्रामसभेला २०१२ पर्यंत गावातल्या दोनतृतीयांश माणसांची हजेरी लागायची, बाया धरून. वनहक्क समितीत एकतृतीयांश बाया लागतात. गेल्या वेळी दोन गावांत बाया धानावर होत्या म्हणून सभा मोडली. म्हणून आता सभा कापणी आटोपल्यावर, पण मळणीच्या आधी ठेवल्या आहेत. आठ गावांचे नकाशे झाले. पाच गावांचे शिवेवरून वाद आहेत, ते त्या-त्या गावच्या भूमियांनी एकत्र चालून मिटवायचे, आम्ही सोबत येतो. चार गावांनी अजून समितीच केलेली नाही, त्यांची नावं इथं छापत नाही, त्यांना माहीत आहे. ठाकूरदेवाच्या जत्रेला सगळे येणारच आहेत. दाव्याच्या तिन्ही प्रती, नकाशा नि म्हाताऱ्यांची निवेदनं त्याच्या आत तयार करा. एक प्रत उपविभागीय समितीला देऊन पोच घ्यायची, एक ग्रामसभेच्या पेटीत, एक आमच्याकडे. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. झेरॉक्सचे पैसे गावानं वर्गणीतून काढावेत, या अंकाच्या शाईचेच अजून द्यायचे राहिले आहेत.